टेलचं पाणी

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)

आमच्या सोनपेठ तालुक्यात गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही. गंगा म्हणतात. "गंगंला पाणी आलं" असं कुणी बाजारात म्हटलं की दुसरा लगेच विचारतो, "सोडलेलं का पडलेलं?" म्हणजे पैठणहून सोडलेलं, की पावसाचं? आमच्या आजोबांच्या काळात हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. नदीला पाणी आभाळातून यायचं. आता ते सरकारी आदेशातूनही येतं, आणि कधीकधी आदेश निघूनही येत नाही.

पाणी किती पडतं यावर आपण खूप बोलतो. पडलेलं, अडवलेलं पाणी वाटलं कसं जातं यावर फार कमी बोलतो. आज मला त्या वाटपाविषयी बोलायचं आहे. मी इंजिनिअर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण माझी साडेतीन एकर जमीन चारीच्या अगदी शेवटाला आहे. आमच्याकडं त्याला 'टेल' म्हणतात. इंग्रजी शब्द आहे, पण अंगठा लावणारा शेतकरीही तोच वापरतो. पंगतीत शेवटी बसलेल्याला अख्खी पंगत दिसते, तसं टेलवाल्याला अख्खा कालवा दिसतो.

आधी पाण्याचा रस्ता पाहू. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि 1976 साली इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. नाथसागराची एकूण क्षमता 102 टीएमसी, त्यातलं वापरता येण्यासारखं पाणी साधारण 76 टीएमसी. तिथून दोन कालवे निघतात. डावा 208 किलोमीटरचा, जालना-परभणीच्या बाजूनं येणारा. उजवा 132 किलोमीटरचा. तो जाऊन सिंदफणा नदीवरच्या माजलगाव धरणाला मिळतो. माजलगावहून पुन्हा एक उजवा कालवा निघतो, दीडशे किलोमीटरहून लांब, आणि त्याचं पाणी आमच्याकडं येतं. म्हणजे नाशिकच्या डोंगरात पडलेला थेंब आमच्या चारीला लागेपर्यंत एक मोठी नदी, दोन धरणं आणि दोन कालवे पार करतो. वाटेत किती झिरपतं, किती उन्हानं उडतं आणि किती 'डोंगळे' लावून उचललं जातं, याचा हिशेब करायला बसलं तर शेवटी कोरडी चारीच हाती लागते. (डोंगळे म्हणजे कालव्याच्या काठावरून टाकलेले रबरी पाईप. रात्री टाकतात, पहाटे गुंडाळतात.)

दुसरा रस्ता खुद्द नदीचा. गंगेवर ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल असे उच्च पातळी बंधारे झाले. आमच्या तालुक्यात खडक्याचा बंधारा आहे. त्याचं पाणी परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राला जातं. 2013 साली आणि पुन्हा 2015 साली पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले. ऊस, ज्वारी, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या आणि वीज, एवढे सगळे त्या एका पात्राकडं डोळे लावून बसलेले असतात. नदीत पाणी असेल तर चारही भागतात. नसेल तर चौघांच्या वतीनं मोर्चे निघतात.

हे पाणी आमच्यापर्यंत यावं म्हणून मराठवाड्यानं मोठी लढाई लढली आहे. जायकवाडीची आखणी करताना पैठणपर्यंत येणाऱ्या पाण्याचा अंदाज जास्त धरला गेला होता, आणि वर नाशिक-नगरकडं (आता अहिल्यानगर म्हणायचं) साठेही वाढत गेले. धरण मोठं आणि येणारं पाणी थोडं, अशी गत झाली. मग 2005 साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला. त्यात एक कलम आहे: तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत पाण्याची टक्केवारी जवळपास सारखी राहील असं पाहावं. या तत्त्वाला शब्द मिळाला 'समन्यायी वाटप'. मेंढेगिरी समितीनं 2013 साली त्याचं गणित मांडलं आणि 2014 साली प्राधिकरणानं आदेश दिला की 15 ऑक्टोबरला जायकवाडीत वापरायोग्य साठा 65 टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी खाली सोडावं. 2016 साली मुंबई उच्च न्यायालयानंही समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. पुढं त्या 65 च्या आकड्यावरून पुन्हा वाद झाले, ते असोत. खालच्यालाही हक्क आहे, एवढं मात्र कायद्याच्या भाषेत लिहिलं गेलं.

आता खरा मुद्दा. सोनपेठ हे नाशिकचं टेल आहे, पण नांदेडच्या दृष्टीनं आपण 'वरचे' आहोत. डिग्रसच्या बंधाऱ्यातून विष्णुपुरीला पाणी सोडायची वेळ येते तेव्हा परभणी जिल्ह्यातली माणसं नेमकी तीच वाक्यं बोलतात, जी नाशिकची माणसं आपल्याबद्दल बोलतात. त्याच्याही पुढं बाभळी बंधारा. तिथं 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवावे लागतात, म्हणजे तेलंगणाला पाणी जातं. तिथं आख्खा महाराष्ट्र 'वरचा' होतो. प्रत्येक जण कुणाचं तरी टेल आणि कुणाचं तरी तोंड. हे नकाशावर पटकन पटतं. स्वतःच्या चारीवर पटत नाही. पैठणला समन्यायी पाणी मिळावं म्हणून रस्त्यावर बसणारा आमचाच शेतकरी गावी येऊन चारीचं दार रात्रभर आपल्या उसाकडं वळवून ठेवतो, आणि यात काही विसंगत आहे असं त्याला वाटत नाही.

त्याला नुसतं वाईट म्हणून चालणार नाही. पद्धतच तशी आहे. थोडं गणित करू. घाबरू नका, तोंडी करण्यासारखं आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर पाणी. दोन मोठ्या घागरी समजा. ही धार चोवीस तास चालली तर 24 लाख लिटरच्या थोडं वर होते. एक एकर रान तीन इंच भिजवायला तीन लाख लिटर लागतात. म्हणजे एक क्युसेकची चारी दिवस-रात्र मिळून आठ एकर भिजवते. एकरी तीन तास. समजा एका चारीवर ऐंशी एकर रान आहे आणि पाळी दहा दिवसांची आहे. प्रत्येकानं एकरी तीनच तास घेतले तर दहाव्या दिवशी शेवटचं रान भिजतं, गळती बाजूला ठेवली तर. पण वरच्या वीस एकरवाल्यांनी एकरी सहा तास घेतले की त्यांचेच पाच दिवस झाले. अर्धी पाळी संपली. उरलेल्या साठ एकरांना पाच दिवस. खालच्या वीस एकरांपर्यंत पाणी येतच नाही.

वरचा सहा तास का घेतो? कारण त्याला तेवढेच पैसे पडतात. जुन्या पद्धतीत शेतकरी नमुना नंबर 7 भरून पाण्याची मागणी करतो आणि पाणीपट्टी पिकावर आणि क्षेत्रावर लागते. एकरभर गव्हाला तीन तास पाणी दिलं काय आणि सात तास दिलं काय, पट्टी तीच. तोलून न देणाऱ्या दुकानात माणूस पोतं घेऊनच जाणार. शिवाय पुढची पाळी कधी सुटेल याचा भरवसा नाही, म्हणून आज मिळतंय तेवढं भरून घ्यावं ही भीतीही आहे. परिणाम असा की आमच्या काळ्या रानात कालव्याच्या तोंडाशी जमिनी चिबडल्या, खारावल्या. शेवटाला त्याच काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा आहेत.

उसाबद्दल बोललो नाही तर तुम्ही म्हणाल, चाचांनी सोयीचं तेवढं सांगितलं. उसाला वर्षभरात साधारण दोन मीटर उंचीचं पाणी लागतं. म्हणजे एकरी 80 लाख लिटर. त्यातला पावसाचा वाटा वजा केला तरी उरलेल्या पाण्यात तीन पाळ्यांची रब्बी ज्वारी पाच-सहा एकर निघते. ठिबकनं हे पाणी बरंच वाचतं, पण ठिबक घालून वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लावला तर वाचवून काय उपयोग? तरी ऊस लावणाऱ्याला दोष देताना माझी जीभ जड होते. ठरलेल्या भावानं, घरी येऊन नेलं जाणारं दुसरं पीक त्याच्याकडं आहे कुठं?

मग सुधारणा काय? कायदा झालेला आहे. 2005 सालीच. त्याचं नाव लांबलचक आहे: महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम. अर्थ सोपा आहे. सरकारनं एकेका शेतकऱ्याला पाणी देणं बंद करायचं आणि एका चारीवरच्या किंवा वितरिकेवरच्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेला, तिच्या तोंडाशी मोजून, घनमापनानं पाणी द्यायचं. धरणात किती साठा आहे त्यावर संस्थेचा कोटा ठरतो. कोट्यात कुठलं पीक घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. पट्टी क्षेत्रावर नाही, पाण्याच्या मापावर. आत वाटप कसं करायचं, दार कुणी उघडायचं, दंड किती, हे संस्थेनं पाहायचं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: संचालक मंडळात कालव्याचं तोंड, मध्य आणि टेल अशा तिन्ही भागांची माणसं हवीत. कायदा करणाऱ्या कुणाला तरी टेलवाल्याचं दुःख ठाऊक असलं पाहिजे.

हे कागदावरचं झालं. प्रत्यक्षात झालेलं पाहायचं तर नाशिक जिल्ह्यात जावं लागतं. हो, ज्यांच्याशी आपण पाण्यासाठी भांडतो त्याच नाशिकला. वाघाड धरणाच्या कालव्याचं टेल ओझर गावाच्या शिवारात आहे. कालवा होता, पाणी पोचत नव्हतं. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि 1990-91 च्या सुमारास तिथं तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. कायदा यायच्या चौदा-पंधरा वर्षं आधी. त्यांनी पाणी मोजून घ्यायला सुरुवात केली आणि शेतकऱ्याला तासावर द्यायला लागले. नाल्यांवरचे बंधारे कालव्याच्या पाण्यानं भरून घेतले, त्यामुळं विहिरींना पाझर आला. हळूहळू वरच्या गावांनाही हे पटलं आणि चोवीस संस्था मिळून पूर्ण वाघाड प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडं आलं. महाराष्ट्रातला असा तो पहिला प्रकल्प. लक्षात घ्या, सुरुवात टेलनं केली. तोंडाशी बसलेल्याला सुधारणेची घाई कधीच नसते.

याहून पुढचा विचार विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला केला होता. त्यांच्या पाणी पंचायतीत पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटलं जाई. माणशी अर्धा एकर, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसाला बंदी. आणि ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा. 2005 च्या कायद्यात हे शेवटचं आलं नाही. तिथं सभासद व्हायला लाभक्षेत्रात जमीन लागते.

इथं थोडं आडवळण घेतो, कारण कवीला शब्द दिसला की राहवत नाही. गझल ऐकणाऱ्यांना 'साकी' माहीत आहे. मैफलीत पेला भरून देणारा. हा शब्द अरबी, आणि त्याचं मूळ 'पाणी पाजणं' हेच आहे. आमच्या मोहल्ल्यात पूर्वी पखालीनं पाणी आणणाऱ्याला 'सक्का' म्हणत, तोही त्याच मुळातला. अरब लोक स्पेनमध्ये गेले तेव्हा शेताला पाणी देणाऱ्या पाटाचा शब्दही सोबत गेला आणि तिथं तो 'असेकिया' झाला. आजही स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मोठ्या चर्चच्या दारात आठ शेतकरी पंच येऊन बसतात. ते पाटांवरच्या शेतकऱ्यांनी निवडलेले असतात. कुणी पाळी सोडून पाणी घेतलं, कुणी पाट फोडला, त्याचा निवाडा उभ्या उभ्या, तोंडी होतो. ज्या पाटाचं भांडण, त्या पाटाचा पंच निकालात भाग घेत नाही. शेकडो वर्षं हे चाललं आहे. 2009 साली युनेस्कोनं त्याला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला.

आपल्याकडं असं नव्हतं असं नाही. धुळ्याकडं पांझरा नदीवर फड पद्धत होती: रानाचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाटकरी आणि हवालदार गावानं नेमायचे. आपण मराठवाड्यातले लोक मात्र पाण्याच्या बाबतीत एकदम विहिरीवरून कालव्यावर आलो. विहीर ज्याची त्याची असते. कालवा सगळ्यांचा असतो. मधली सवय आपल्याला लागलीच नाही. संस्था आपल्याकडंही झाल्या. कागदावर बऱ्याच झाल्या. पण ठरलेल्या तारखेला कालव्यात ठरलेलं पाणी आलं नाही तर संस्था वाटणार काय? मोजायची साधनं एकदा बिघडली की बिघडलेलीच राहतात. आणि कोरड्या वर्षी, 2015-16 सारख्या, जेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं, तेव्हा शेतीच्या कोट्याचं नाव तरी कोण काढणार? म्हणून मला वाटतं की मोजायची सवय पाणी भरपूर असतानाच लावून घ्यावी. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात एवढं पडलं की रानंच्या रानं वाहून गेली. अशा वर्षी कुणी तीन तास-सहा तास मोजत नाही. मोजायला शिकायचं वर्ष खरं तर तेच.

ज्यांच्याकडं कालवा नाही ते म्हणतील, आम्ही बोअर घेतो. आपला खडक काळा पाषाण. पाणी असतं ते वरच्या मुरमाड, भेगाळ थरात. खाली तीनशे-चारशे फूट गेलं की बहुतेक वेळा धूळच निघते. भूजलाच्या 2009 च्या कायद्यानं शेतीसाठी 60 मीटरहून खोल विहीर घ्यायला मनाई केली आहे. तो कायदा 2014 पासून लागू आहे. गाड्या रात्री येतात, एवढंच त्यावर सांगतो.

आमच्या चारीवर मागच्या हिवाळ्यात एक बैठक झाली. ईदगाहच्या पलीकडं लिंबाखाली, वीस-बावीस खातेदार होते. मी तासांचा तक्ता करून नेला होता; कवितेच्या वहीतच आखला होता. टेलचं रान आधी भिजवायचं आणि मग वर सरकायचं, हे ऐकून वरचे दोघं उठून गेले. एक परत आला. तो म्हणाला, "चाचा, माझं काई म्हणणं नाही, पण पाणी दिवसा द्या. रात्रीचं विंचू-काटा कोण पाहतो?" त्याचं बरोबर होतं. पण टेलवाल्यांना वर्षानुवर्षं रात्रीच पाणी मिळालं आहे. आमच्या बांधाला लागून एका विधवा बाईचं दोन एकर रान आहे. ती म्हणाली, "मी तं वीस वर्षं रात्रीच दारं धरली, मला कुणी इचारलं नाई." त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी असं ठरलं की पाळी फिरती ठेवायची: या वेळी ज्याला रात्र, त्याला पुढच्या वेळी दिवस. तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचा, म्हणजे मी अमुक वारीच होतो असं कुणाला म्हणता येणार नाही.

मग प्रश्न आला दाराच्या कुलपाचा. एक चावी वरच्याकडं, एक मधल्याकडं, एक टेलकडं; तिघं हजर असल्याशिवाय दार हलवायचं नाही, हे सगळ्यांना मान्य झालं. टेलची चावी कुणाकडं? एक तरुण पोरगा म्हणाला, मावशीकडं द्या, ती कधी झोपतच नाही. सगळे हसले, पण नाही कुणी म्हणालं नाही. तेवढ्यात आमच्यातल्या एका जाणत्यानं अडचण काढली. सातबारा तिच्या पुण्यात कामाला असलेल्या मुलाच्या नावावर आहे. उद्या संस्था नोंदवली तर सभासद तो होणार, ती नाही. शरद जोशींनी बायकांच्या नावावर जमीन करा म्हणून लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, ते आमच्या गावापर्यंतही आलं होतं; ज्यांनी तेव्हा केलं नाही त्यांच्याकडं ही अशी अडचण उभी राहते. कुणी म्हणालं मुलाचं संमतीपत्र आणू, कुणी म्हणालं तोवर चावी मशिदीत ठेवू, कुणी म्हणालं देवळात. मावशी म्हणाली, "देवाला रात्री कोण उठवणार?"

मुलाला फोन लागला, तो दिवाळीला येतो म्हणाला. आला, कागदावर सही करून गेला. चावी आता तिच्याकडं आहे. संस्थेची नोंदणी व्हायची आहे, मोजायचं साधन बसायचं आहे, आणि उठून गेलेला दुसरा अजून परत आलेला नाही. त्याचं रान दाराच्या अगदी शेजारी आहे.